दस्तीखालची बोली

उदगीरच्या स्टेशन रस्त्यावर राहणारा मन्मथ बिरादार माडीवरच्या घराला कुलूप लावून जिना उतरे आणि अर्ध्या वाटेवरून परत जाऊन ते कुलूप ओढून पाही. त्याची पत्नी उज्वला तेवढा वेळ खाली रिक्षाजवळ उभी राही.

"काय म्हणालं कुलूप?" ती विचारी.

"लागलंय."

"नक्की? का तसं नुसतं म्हणालं?"

मन्मथला या थट्टेचा राग येत नसे. संशय घेणे हा त्याच्या मते दुर्गुण नव्हता. ती एक प्रकारची स्वच्छता होती. दूधवाल्याने न मागता मापाच्या वर धार सोडली, की हा उद्या भाव वाढवणार असे तो मनाशी पक्के करी. नांदेडला अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन तो वेबसाइट बांधण्याच्या धंद्यात पडला, तेही बहुधा याच कारणाने. दिसणाऱ्या वस्तूमागे काय चालले आहे हे उघडून पाहण्याची सोय ज्या धंद्यात आहे असा तो एकच त्याला आढळला होता.

ही सवय त्याला वडिलांकडून आली होती. वीरण्णा बिरादार, म्हणजे अप्पा, हे नामांकित हेडी, गुरांचे दलाल. बैलबाजारात सौदे जुळवून देण्यात त्यांची हयात गेली. त्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि दलाल एकमेकांचा हात धरतात, त्यावर दस्ती, म्हणजे खांद्यावरचा मोठा रुमाल, टाकली जाते आणि तिच्याखाली बोटे दाबून आकडा सांगितला जातो. भोवती पन्नास माणसे उभी असली तरी तो आकडा दोघांपलीकडे जात नाही. एकाने किती बोली केली हे अप्पांनी दुसऱ्याला कधी कळू दिले नाही, अशी त्यांची ख्याती होती आणि तीच त्यांची कमाई होती.

गुडघ्यांनी अप्पांना बाजारातून घरी बसवले, तेव्हा मन्मथने त्या ख्यातीवर एक वेबसाइट उभी केली आणि तिला 'वीरण्णाची दस्ती' असे नाव दिले. लातूरकडची देवणी आणि नांदेडकडची लालकंधारी जनावरे तिच्यावर विकली जात. बोली करणाऱ्याचे नाव पानावर सर्वांना दिसे. आकडा मात्र मुदत संपेपर्यंत झाकलेला राही. त्या झाकणासाठी मन्मथने अप्पांच्या खऱ्या पांढऱ्या-तांबड्या दस्तीचा फोटो काढून वापरला होता. लोक वेबसाइटवर विश्वास ठेवत नव्हते, त्या दस्तीवर ठेवत होते. हे मन्मथ जाणून होता. ती दस्ती एकदा घसरली तर त्याच्या धंद्याबरोबर अप्पांचे नावही जाणार, हेही तो जाणून होता.

अशा माणसाने एका ब्राउझरच्या चाचणी आवृत्तीसाठी आपण होऊन नाव नोंदवावे, याचे उज्वलेला नवल वाटले. त्या ब्राउझरमध्ये नवी डेव्हलपर टूल्स आली होती. एखादे पान आतून कसे रचले आहे हे कारागिराला दाखवणारी ही साधने. नव्या आवृत्तीत ती अधिक सोपी केली होती. ती वापरून पाहावीत आणि अभिप्राय कळवावा, अशी कंपनीची विनंती होती.

"फुकटात काम करून घेतायत तुमच्याकडून," उज्वला म्हणाली.

"ठाऊक आहे. पण उद्या हीच साधनं घेऊन कोणीतरी माझ्या पानाच्या आत वाकणार. त्याच्या आधी मी वाकून घेतो."

त्याचा पहिला अभिप्राय असा होता: 'आपल्या खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात एक निळे वर्तुळ फिरत असते. ते कशासाठी फिरते हे कोठेही सांगितलेले नाही. कारणाशिवाय फिरणाऱ्या वस्तूवर मी विश्वास ठेवू शकत नाही. कृपया कारण द्यावे किंवा वर्तुळ थांबवावे.' पुढच्या आठवड्यात वर्तुळ नाहीसे झाले. मन्मथला त्याचाही संशय आला. त्यांनी ते काढले की नुसते लपवले?

चाकूरजवळच्या एका गावातील सिंधुताईंचा देवणी वळू त्या आठवड्यात पानावर होता. देखणा वळू, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा. सिंधुताईंनी तो वासरू असल्यापासून वाढवला होता, आणि बाजारात न नेता या पानावर दिला होता तो केवळ अप्पांच्या नावाखातर. बोलीची मुदत शनिवारी संध्याकाळी संपायची होती.

गुरुवारी दुपारी मन्मथने नव्या साधनातील 'आतून पाहा' हे बटण दाबले. ते दाबून पानावर कोठेही माउसचा बाण ठेवला, की त्या जागी काय काय येऊन पडले आहे याचा स्वच्छ तक्ता बाजूला उमटे. त्याने बाण सहज दस्तीवर ठेवला. तक्त्यात सगळ्या बोली होत्या, प्रत्येकाच्या नावासमोर त्याचा आकडा.

मन्मथने प्रथम खोलीचे दार लावले. मग त्याने ब्राउझरच्या कंपनीला अभिप्राय लिहिला, आणि त्यात सौजन्य फारसे ठेवले नाही. 'माझ्या पानावरील गुप्त आकडे आपल्या साधनाने कोठून मिळवले? ते आणखी कोणास दाखवले? हे साधन आहे की हेर?'

शुक्रवारी सकाळीच उत्तर आले. चाचणी गटातील कोणा व्यक्तीने शांतपणे लिहिले होते की, साधन कोठूनही काही मिळवत नाही. पानाने ब्राउझरकडे जे पाठवले आहे तेवढेच ते दाखवते. आकडे गुप्त असतील तर ते पानाकडे पाठवलेच का जात आहेत, हे आपण एकदा तपासावे.

"बघ," मन्मथ उज्वलेला म्हणाला, "उलट माझ्यावरच."

तरी त्याने तपासले. जुन्या साधनांत, चार कोपरे धुंडाळल्यावर, तेच आकडे निघाले. आरंभापासून ते तेथेच होते. खेड्यात इंटरनेट ऐन वेळी रखडते, मुदत संपताच सर्वांना निकाल एकदम दिसावा, म्हणून त्यानेच सगळे आकडे प्रत्येकाच्या पानावर आधी पाठवून ठेवण्याची रचना केली होती आणि वर दस्तीचे चित्र अंथरले होते. अप्पांच्या दस्तीखाली दोनच हात असत. त्याने एकाच दस्तीखाली सगळ्या बाजाराचे हात घातले होते.

उज्वलेने ऐकून घेतले आणि ती म्हणाली, "आता सगळ्यांना फोन करा. आत्ताच."

"करतो. पण आधी कळलं पाहिजे, कोणी बघितलं ते."

"ते कळून काय करणार?"

"कळलं पाहिजे," मन्मथ म्हणाला.

त्याच्या डोळ्यांपुढे एकच नाव होते. धर्माबादचा शेषेराव. गेल्या काही सौद्यांत शेषेरावाने जनावर नेले होते, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या बोलीहून किंचित वर जाऊन. तेव्हा मन्मथने त्याला हुशारी म्हटले होते. आता त्या प्रत्येक सौद्याचा रंग पालटला. शेषेरावाचा भाचा हैदराबादला संगणकाचे शिकतो, हेही त्याला आठवले, आणि आठवताच पटले.

शुक्रवारी दुपारी त्याने सापळा लावला. देगलूरचा अमरेश या नावाने, म्हणजे जगात नसलेल्या माणसाच्या नावाने, त्याने वळूवर एक बोली टाकली. ती शेषेरावाच्या बोलीहून वर होती. मग तो वाट पाहत बसला.

शनिवारी सकाळी शेषेरावाची बोली वाढलेली होती. अमरेशच्या आकड्याहून किंचित वर.

मन्मथला इतका आनंद झाला, की तो लॅपटॉप उघडा धरूनच जिना उतरून अप्पांच्या खालच्या खोलीत गेला. अप्पा खाटेवर बसून सुपारी कातरत होते. त्याने सर्व हकिकत सांगितली. नवे साधन, आकडे, शेषेराव. अप्पांनी सुपारी कातरणे थांबवले नाही.

"हा अमरेश कोणाचा रे?" त्यांनी विचारले. "देगलूरात असा हेडी मला ठाव न्हाई."

"कोणी नाही, अप्पा. मीच तो. सापळा होता."

अडकित्ता थांबला.

"म्हंजे खोटा हात घातलास तू."

"चोर पकडायला, अप्पा!"

"अय्यो, मन्मथा! बाजारात झाकून बघणारे लई असत्यात. त्याला कोणी काही म्हणत न्हाई. हाच शेषेराव माझ्या मागं उभारून माझं कोपर बघायचा. बोट दाबलं की कोपर हालतंय, त्यावरून भाव धरायचा. मी त्याला शिव्या दिल्या, अन् दुसऱ्या बाजारापासून कोपर पोटाशी धरून उभारलो. पण गिऱ्हाईक नसताना दस्तीखाली हात घालणारा हेडी म्या एकदाच बघितला. त्याला पुन्हा कोणी हात दिला न्हाई."

"पण शेषेरावानं बघितलं, त्याचं काय?"

"ते तुला ठाव हाय का, का तुला वाटून राहिलंय?" अप्पा म्हणाले. "तू काय केलास, ते तर ठावच हाय. नाव माझं लावलंयस त्याला."

एवढ्यात फोन वाजला. सिंधुताई होत्या.

"मन्मथभाऊ, देगलूरचं गिऱ्हाईक आलंय म्हणं? पोरीनं दाखवलं मला. अमरेश का कोण. जनावर नीट ठिवंल ना ओ तो? तुमच्या ओळखीचा हाय का?"

मन्मथने लॅपटॉप मिटला. नुसते हो म्हटले असते तर सिंधुताईंना वाढीव भाव मिळाला असता, शेषेरावाला त्याचा भुर्दंड बसला असता, आणि रचना दुरुस्त करून सगळे मिटवता आले असते. अप्पा त्याच्याकडे पाहत होते.

"ताई, तो माणूसच नाही," मन्मथ म्हणाला, आणि मग उरलेले सगळे सांगितले.

सिंधुताईंनी विचारले,

"म्हंजे माझ्या वळूचा भाव सगळ्यांनी बघितला?"

"बघता आला असता. बघितला का, ते मला माहीत नाही. लिलाव मी थांबवतोय."

"थांबवा," त्या म्हणाल्या. "अन् अप्पांना घेऊन माझ्या दारात या उद्या. ज्याला पायजे तो येईल. तुमच्या त्या पानाचं मागून बघू."

लिलाव थांबवून मन्मथने बोली करणाऱ्या प्रत्येकाला फोन केला आणि आपली चूक व आपला खोटा हात, दोन्ही सांगितले. त्यांतील दोघांनी यापुढे आपले नाव पानावर ठेवू नका असे बजावले. शेषेरावाला फोन त्याने शेवटी केला. शेषेरावाने ऐकून घेतले आणि मग तो मोठ्याने हसला.

"तरीच म्हणलं मी! देगलूरात घरंघर मला ठाव हाय, मन्मथराव. अमरेश नावाचा हेडी तिथं न्हाई. मला वाटलंच, हा तुमच्याच घरचा हात. म्हणून मीबी जरा वाढवून बघितलं, ह्ये लोक पुढं काय करून राहिलेत ते."

"पण बरोबर त्याच्यावर थोडंसंच कसं वाढवलं?"

शेषेराव पुन्हा हसला.

"अंदाज."

"प्रत्येक वेळी?"

"अप्पाला इचारा माझा अंदाज," शेषेराव म्हणाला. "उद्या येतोच की. समोर इचारा."

त्या दुपारी मन्मथने रचना बदलली. आता मुदत संपेपर्यंत आकडा सर्व्हरच्या बाहेर पडत नव्हता. दस्तीखाली खरोखरच काही नव्हते. नव्या साधनाने त्याने स्वतः ते पुनःपुन्हा पाहिले. मग पानाच्या माथ्यावर त्याने झालेली चूक लिहिली आणि खाली ओळ घातली की, कोणासही संशय असल्यास अमुक ब्राउझर घ्यावा, अमुक बटण दाबावे आणि दस्तीखाली स्वतः वाकून पाहावे. कंपनीलाही त्याने शेवटचा अभिप्राय पाठवला: 'आपले साधन खरे बोलते. मागील पत्रातील "हेर" हा शब्द मी परत घेतो. तथापि निळे वर्तुळ काढले की लपवले, याचे उत्तर अद्याप आलेले नाही.'

उज्वलेने ते वाचले. "झालं? पाठवलं?"

"पाठवलं."

"ओढून बघितलंत?"

रविवारी सिंधुताईंच्या दारात बरीच मंडळी जमली. वळू लिंबाखाली उभा होता आणि कोणाकडेही लक्ष न देता कडबा खात होता. सिंधुताईंनी चहा दिला. अप्पांना त्यांनी खुर्ची दिली, मन्मथला दिली नाही. त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी फोन घेऊन जवळ आली आणि म्हणाली, "मी रात्री तुमच्या पानात आत बघितलं. आता काही दिसत नाही."

"बरं झालं," मन्मथ म्हणाला.

"उद्या परत बघणार आहे," ती म्हणाली.

अप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले. त्यांनी खांद्यावरची दस्ती काढली, झटकली, आणि एकेका गिऱ्हाइकाचा हात तिच्याखाली घेऊ लागले. शेषेरावाची पाळी आली. उंच, पांढऱ्या मिशांचा, डोळ्यांत हसू असलेला तो माणूस पुढे झाला. दोन्ही हात दस्तीखाली गेले. दस्ती हलली, थांबली, पुन्हा हलली.

शेषेरावाच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हते. त्याने आजवर खरोखर आत वाकून पाहिले होते की त्याचा अंदाजच तसा होता, हे मन्मथला कोणतेही साधन सांगू शकणार नव्हते. त्याने बोली किती केली तेवढे तरी कळेल का, म्हणून मन्मथ दोन पावले बाजूला सरला आणि अप्पांच्या मागून डोकावू लागला. आपण कोपराकडे पाहत आहोत हे त्याच्या ध्यानातही आले नाही.

अप्पांनी मान वळवली नाही. त्यांनी कोपर पोटाशी घेतले आणि सावकाश फिरून मुलाकडे पाठ केली.