हेमाचा दिवा

हेमा गेल्याचा फोन आला तेव्हा मी डहाणूच्या घरातल्या माझ्या स्टुडिओत अंब्रेला लाइट पुसत होते. आईला सांगितलं. तिने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "आता माझा फोटो कोण काढणार?" कॅमेरा गळ्यात अडकवून मी तिच्यासमोरच उभी होते.

हेमा आणि मी बोर्डीच्या शाळेत एका बाकावर. लग्नानंतर ती तलासरीकडे, झरीला गेली. २०१४च्या सुमारास दोघींनी आगेमागे घरातच स्टुडिओ थाटला. लग्नाच्या बायोडेटाचे फोटो, वयस्कर माणसांचे भिंतीवर लावायचे फोटो, अशी कामं. माझं सगळं शिस्तीत. गोल चेहरा, उभा चेहरा, चष्मा... कुणाला कोणता लाइट, किती उंचीवर, याचा तक्ताच मी भिंतीवर लावला होता. हेमाकडे एक खिडकी, थर्माकोलची शीट आणि बटर पेपर गुंडाळलेला टेबललॅम्प. तरी सायवनच्या मुली डहाणूला यायचं सोडून, बस बदलत झरीला जायच्या. मी जळायचे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. हेमालाही ते ठाऊक होतं.

शेवटी एकदा बघायलाच गेले. एक मुलगी ओठ घट्ट मिटून बसली होती. हेमाने तिला स्टुलावरून उठवलं, स्वतः बसली आणि दिवा तिच्या हातात दिला. "फिरव माझ्या तोंडाभोवती. कुठून मी भूत दिसते ते सांग."

मुलीने दिवा हनुवटीखाली धरला आणि फिस्सकन हसली. "काकी, नाक केवढं दिसतंय!"

"मग तुझ्या नाकावर उजेड कुठून नको, ते कळलं ना? आता बस."

मुलगी बसली ती हसरीच. उजेड कुठून हवा, तेही तिनेच सांगितलं. मी म्हटलं, "हेमा, ही काय पद्धत झाली?"

"तुझा तक्ता दे ना पाठवून," ती डोळे मिचकावत म्हणाली. "पापड वाळवायला होईल."

परतीच्या बसमध्ये मी ठरवलं, असली थेरं आपण करायची नाहीत.

पुढे आई हेमाकडे चार दिवस राहून आली, तेव्हा तिने काढलेला फोटो घेऊनच आली. खिडकीच्या उजेडात मान किंचित कललेली, सुरकुत्यांसकट हसणारी आई. माझ्या प्रत्येक फोटोत ती आधार कार्डाच्या रांगेत उभी असल्यासारखी दिसते. हा फोटो तिने आमच्या बाहेरच्या खोलीत, नेमका माझ्या स्टुडिओच्या दारावर लावायला लावला. येणारं गिऱ्हाईक विचारायचं, "हा तुम्हीच काढलात का?" दर वेळी नाही म्हणावं लागायचं... हेमाला ते सांगितलं तर म्हणाली, "हो म्हणत जा की. मी कुठे बघायला येतेय?"

तेरावं झाल्यावर तिच्या नवऱ्याने तो टेबललॅम्प माझ्या हातात ठेवला. "शैलाताई, तुमच्याच कामाचा आहे." नको म्हणवेना. घरी आणून कोपऱ्यात ठेवला.

मागच्या आठवड्यात आईला पेन्शनच्या कामासाठी फोटो हवा होता. सॉफ्टबॉक्सचा मऊ लाइट लावला, तिचे ओठ मिटले. तक्त्याप्रमाणे लाइट वर घेतला, तरी तेच. शेवटी मी तिला उठवलं, स्टुलावर बसले आणि कोपऱ्यातला दिवा तिच्या हातात दिला. ती काही न विचारता तो माझ्या चेहऱ्याभोवती फिरवत राहिली. "डोळ्यांखाली काळं आलंय गं तुझ्या," म्हणाली. दिवा आणखी थोडा बाजूला नेला. "हां, इथून बरी दिसतेस." मग ती बसली, आणि मी फोटो काढला.

चांगला आला. मान किंचित कललेली, आणि हसू माझ्याकडे बघून. आईने तो डोळ्यांजवळ धरून नीट पाहिला.

"हेमाचाच दिवा ना हा?"

हो म्हटलं.

माझ्या सगळ्या लाइटांवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या आहेत. या दिव्यावर मी अजून लावलेली नाही.