रडायचं काम माझ्याकडं

"केस सोड. खाली बस. आणि रड."

वैनीसाहेब खुर्चीवरून बोलल्या. कारखान्याच्या चेअरमनची सून. आमी दोघी एकाच ट्रेनिंगला, एकाच वयाच्या. पण सरावाला बसलं की त्या रोज समुपदेशक. मी रोज वेडी.

"तुमच्यातल्यांना रडणं शिकवावं लागत न्हाई," म्हणाल्या. बाकीच्या फिदीफिदी हसल्या.

दुष्काळाचं साल. टँकर आला तर आला. खचलेल्या माणसाजवळ बसणारी, त्याला बोलतं करून दवाखान्यापर्यंत नेणारी माणसं गावोगाव तयार करायला सरकारनं निधी दिला. निधी आलता दलित वस्तीतल्या पोरींसाठी. खर्चायला दिला सहकारी साखर कारखान्याच्या संस्थेकडं. मग काय! सुना आल्या, भाच्या आल्या. बौद्धवाड्यातली मी एकटी, दाखवायला.

मी गेवराईच्या कॉलेजातून बी.ए. झालेली. घरातली पहिली. हे काम मला पाहिजेच होतं. माझी आय ऊसतोडीवरून आली ती बोलायचीच बंद झाली. लोक म्हणले, बाहेरचं हाय, देवऋष्याकडं न्या. तिच्याजवळ बसून 'काय होतंय बाई' म्हणणारं कुणी न्हवतं. ते कसं विचारायचं, मला शिकायचं होतं.

म्हणून गिळलं. सतरंजीवर बसून खोटं रडले. सर्टिफिकेट हातात पडू दे, म्हणायचे.

मग निधी देणारे साहेब पाहणीला आले. पुढचा निधी द्यायचा का, ते ठरणार होतं. चेअरमन अण्णा पहिल्या रांगेत. वैनीसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "आज तुझी आई कर. हुबेहूब. बोलत न्हाई म्हणं ना ती?"

माझी आय.

हॉलच्या मधोमध सतरंजी अंथरलेली. मी ती पायानं सारली. भिंतीकडची खुर्ची ओढत आणली, फरशीवर लई आवाज झाला. वैनीसाहेबांच्या समोर बसले, गुडघ्याला गुडघा लागेल अशी.

"ऐकणाऱ्यानं बरोबरीनं बसायचं, असं पहिल्याच दिवशी शिकवलंय. आज मी ऐकणार. बोला, काय होतंय तुमाला?"

अण्णा उठले. "ए पोरी, कावून तमाशा लावलास? निधी गेला तर तुमचंच वाटोळं."

"निधी आमच्या नावानं, अण्णा. मग आमीच खाली कावून?"

साहेबांनी चष्मा पुसला. चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी वॉचमननं गेटवरच अडवलं. सर्टिफिकेट गेलं. निधी चालूच राहिला, त्याच हॉलात. सतरंजीवर आता तलवाड्याच्या वस्तीतली पोरगी बसवतात, असं कळलं.

मी तिच्या घरी गेले. म्हणाली, "ताई, मला काम लागतंय."

"मलाबी लागत होतं," म्हणाले. "किती दिवस रडशील? चल, बीडला जाऊन सांगू."

ती म्हणाली, "कधी जायाचं?"

सोमवारी दोघी बीडला जिल्ह्याच्या ऑफिसात चाललोय. म्हणणार, ट्रेनिंग आमच्या वस्तीत घ्या, समाजमंदिरात. बसायचं तर सगळ्यांनी खाली, न्हाईतर सगळ्यांना खुर्ची. न्हाई म्हणले तर पुढच्या सोमवारी परत. तिथल्या साहेबांच्या समोरची खुर्ची मी विचारून ओढणार न्हाई.