सुजाता नकाशा झाकायची

बातमी मला दोन तास उशिरा कळली. त्या दिवशी मी भीमपूर मंडलातल्या एका गावात शेताच्या मोजणीला गेलो होतो. मंडल कार्यालयात, म्हणजे आमच्याकडच्या तहसिलीत, मी कारकून आहे. पहाणीची वही काखेत धरून मोजणीदाराच्या मागे धुऱ्याधुऱ्यानं, शेतांच्या बांधांवरून, फिरणं हा माझ्या कामाचाच भाग. नदीकाठच्या त्या शिवारात फोनला रेंज नसते. सुजाताला, माझ्या धाकट्या बहिणीला, सकाळी जरा बरं वाटत होतं. वाटीभर पेज पोटात ठरली होती. मी दारात घुटमळत होतो तेव्हा तीच म्हणाली की जाऊन ये, दिवसभर माझ्या तोंडाकडे पाहून काय होणार आहे. बारा वाजायच्या आत ती गेली. त्यानंतरचे दोन तास मी साखळीचं टोक धरून उभा होतो, शेतकऱ्यानं दिलेला चहा प्यायलो, कशावर तरी हसलोसुद्धा. परत येताना डांबरी रस्ता लागला आणि खिशातला फोन एकामागून एक वाजू लागला. मी गाडी कडेला घेतली. फोन मात्र बराच वेळ बाहेर काढला नाही. काढला नाही तोवर सगळं सकाळसारखंच आहे, असं काहीतरी मनात होतं... ही न पाहण्याची खोड आम्हा दोघा बहीणभावांची. माय तशी नाही.

त्याला आता सहा आठवडे झाले. सुजाता काय काम करत होती हे आमच्या नात्यागोत्यात फारसं कुणाला कळलं नाही. ‘कम्प्युटरवर असते’ एवढंच सगळे म्हणायचे. ती गेम बनवणाऱ्या एका कंपनीत होती. ज्या खेळात आपण एखाद्या पात्राचं सोंग घेतो आणि डोंगर, नद्या, गावं असलेल्या मोठ्या मुलुखात फिरतो, तसले खेळ. त्यात एक नकाशा असतो आणि आपण जिथे गेलो नाही तो भाग त्यात झाकलेला असतो. तो भाग झाकणं हे सुजाताचं काम. मायनं एकदा विचारलं होतं की नेमकं काय करतेस, तर तिनं सरळ सांगितलं, “नकाशा झाकतो मी, माय.” मायनं थोडा विचार केला आणि विचारलं, मग उघडतं कोण? सुजाता खूप हसली होती. पण या कामाला आमच्या घरात तिच्याहून लायक कुणी नव्हतं, हे मला ठाऊक होतं. कारण तिच्याइतकं भिणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

ही भीती कुठून आली तेही मला माहीत आहे. वडील लवकर गेले. आम्ही नदीकाठच्या गावात राहायचो आणि माय दुसऱ्यांच्या रानात मजुरीला जायची. कापूस वेचणीच्या दिवसांत आम्हालाही सोबत न्यायची. मी बारा वर्षांचा असेन, सुजाता सात. एका सकाळी ओढ्याच्या ओल्या मातीत वाघाचा पंजा उमटलेला दिसला. नदी ओलांडून पलीकडच्या जंगलातून वाघ येतात हे सगळे ऐकून होते, पण पंजा असा पायाशी कुणी पाहिला नव्हता. बायका गोळा झाल्या. एकीनं सांगितलं की काल दिवस बुडताना तो पलीकडच्या धुऱ्यावर दिसला होता. मग एका माणसाला पत्र्याचा डबा वाजवत बसवलं आणि सगळ्या पुन्हा वेचायला लागल्या, कारण वेचणी थांबवून चालणार नव्हतं. सुजाता मायच्या पदराला धरून उभी होती. तिनं विचारलं, “माय, वाघ कुठं हाय?” मायनं धुऱ्याकडे हात केला. सुजाता म्हणाली, “तिथं तं काल होता. आता कुठं हाय?”

डबा तेवढा वाजत राहिला. कापसाची पऱ्हाटी मोठ्या माणसाच्या छातीइतकी वाढलेली, आणि सात वर्षांच्या पोरीला तिच्यात दोन ओळींपलीकडचं काही दिसत नव्हतं. त्या दिवशी तिनं एक बोंडसुद्धा वेचलं नाही. दिवसभर ती त्या हिरव्या भिंतीकडे बघत उभी राहिली. वाघ पुन्हा कुणाला दिसला नाही, कुणाला काही झालंही नाही. पण त्यानंतर कुठल्याही खोलीत ती पहिली जायची नाही. मी आत जाऊन दिवा लावायचा, खाटेखाली पाहायचं, आणि मग ती यायची. कॉलेजला हैदराबादला गेली तेव्हा मला रोज एकच विचार यायचा, की तिच्या होस्टेलच्या खोलीत आता आधी कोण जात असेल.

मला नोकरी लागल्यावर आम्ही आदिलाबादजवळ मावल्याला घर केलं. पुढे साथीच्या दिवसांत सुजाता घरी आली ती इथूनच काम करू लागली, परत गेली नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी ती मला तिच्या खेळात बसवायची. मी अडाणी खेळाडू, म्हणून मी तिच्या कामाचा. कुठे थांबतो, कुठे मागे फिरतो ते ती वहीत लिहून घ्यायची. तिचं म्हणणं असं, की निव्वळ काळ्या रंगाला कुणी भीत नाही. लोकांना वाटतं पडदा तिथेच संपला. तिथे काहीतरी आहे एवढं कळलं पाहिजे आणि काय आहे ते कळता कामा नये. तेव्हा माणूस थांबतं. यावरून ती वरिष्ठांशी आठवडेच्या आठवडे भांडली होती. तिनं बनवलेला अंधार कडेला किंचित हलायचा, गवत वाऱ्यानं हलावं तसा. एकदा त्या कडेशी मी माझं पात्र उभं केलं आणि पुढे जाईचना. तिकडे काय आहे ते तू सांग, असं मी तिला म्हणालो. तिनं सांगितलं नाही. म्हणाली, “मीच बनवलं, दादा. तरी मले बी तिथं भेव वाटते.”

पण तिच्या खेळात या अंधाराहून वाईट एक गोष्ट होती. ज्या भागातून आपण एकदा गेलो तो नकाशात उघडा राहतो, पण फिकट, राखेच्या रंगाचा. एका दुपारी मी एका गावातून निघून पुढे बराच हिंडलो. नकाशात मागचं गाव दिसत होतं... घरं, विहीर, दारातली बैलगाडी. जखमी झालो म्हणून विसाव्याला परत फिरलो, तर तिथे नुसती जळकी लाकडं. मला खरंच राग आला. नकाशात तर घरं दिसत होती, ही फसवणूक झाली, असं मी म्हणालो. तिनं वही मिटली. “ते तू पाह्यलेले घरं होते, दादा. आताचे नोहेत.” मग तिनं समजावलं, की फिकट भागात आपल्याला शेवटी दिसलं तेवढंच राहतं, पाठ फिरल्यावर काय झालं ते नकाशाला कळत नाही. मी त्यावर फार विचार केला नाही. आता भीमपूरच्या रस्त्यावरचे ते दोन तास आठवतात तेव्हा तिचं हे बोलणंच आठवतं.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला, एका दुपारी माय शेजारी गेलेली असताना, सुजातानं मला सांगितलं की तिच्या छातीत गाठ लागते आहे. खिडकीकडे तोंड करून सांगितलं. मी म्हणालो की उद्याच दवाखान्यात जाऊ. तिनं मान हलवली. “तपासलं नाई तवर ते काईच नाई, दादा. मायले सांगू नको.”

मी नाही सांगितलं. इथे मला थांबावंसं वाटतं, पण थांबलो तर हा लेख खोटा होईल. मी तिचं ऐकलं ते तिच्यावरच्या मायेनं, असं काही दिवस मी स्वतःला समजावलं. खरं हे, की मीही भ्यालो होतो. दवाखान्याच्या दारापर्यंत तिला नेलं असतं तर आत काय आहे ते मलाही पाहावं लागलं असतं. अडीच महिने गेले. रोज ऑफिसातून आल्यावर मी आधी तिचा चेहरा पाहायचो; चेहरा कालसारखाच दिसला की हातपाय धुवायला जायचो. एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाली की लहान झाल्यासारखी वाटते. मी लगेच विश्वास ठेवला. इचोड्याला कामाला गेलो होतो तिथून तिच्या आवडीची जिलेबी आणली. तिनं ती खाल्ली. आम्ही दोघं खोटं बोलत होतो आणि दोघांनाही ते कळत होतं.

मायला कळलं ते तिच्या हातांनी. सुजाताचा डावा खांदा दुखत होता म्हणून ती तेल लावून देत होती, आणि तिची बोटं काखेत थांबली. मी दारात उभा होतो. मायनं आरडाओरडा केला नाही. हात पुसले, पदर नीट केला आणि सांगितलं की सकाळच्या पहिल्या बसनं आदिलाबादच्या दवाखान्यात जायचं. सुजाता नको नको म्हणत होती. मायनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. “भेव तं मले बी वाटते. म्या म्होरं चालतो, तू माह्या मागं ये.”

आणि तशीच ती चालली. आदिलाबादहून हैदराबादला पाठवलं, तिथे मोठ्या यंत्रात घालून सगळं शरीर तपासायचं होतं. सुजाता त्या खोलीच्या दाराशी आली आणि तिचे पाय उचलेनात. अक्षरओळख नसलेली, तेलुगू मोडकंतोडकं बोलणारी माझी माय नर्सची परवानगी काढून आधी आत गेली, यंत्राला हात लावून पाहिला, खाली वाकून त्याच्या पोटात पाहिलं आणि बाहेर येऊन म्हणाली की काही नाही, बिळासारखं आहे, दोन्हीकडून उघडं आहे. मग सुजाता गेली. दुखणं फुप्फुसापर्यंत पोचलं आहे असं त्या तपासणीत निघालं. उशीर झाला, डॉक्टर म्हणाले. किती उशीर, ते मी विचारलं नाही. अडीच महिने आधी आलो असतो तर... हे वाक्य मी अजून कुठल्याही डॉक्टरसमोर पुरं केलेलं नाही.

त्यानंतर दहा महिने ती होती. केस गेले, नखं काळी पडली. इंजेक्शनच्या दिवसाआधी दोन दिवस तिला अन्न जायचं नाही, ते औषधामुळे नव्हे, धास्तीनं. ती शूर झाली असं मी लिहिणार नाही, ती शेवटपर्यंत भीत होती. पण भीतभीतच ती प्रत्येक वेळी गेली, मायच्या मागे मागे. अंगात बळ असेल त्या दिवशी काम करायची. तिचा खेळ अजून बाजारात आलेला नाही.

हा लेख मी तिच्या खोलीत बसून लिहिला आहे. तिची खुर्ची भिंतीला टेकवलेली आहे, दार समोर राहील अशी. पाठीमागे मोकळी जागा तिला चालायची नाही. त्या खुर्चीत मी बसत नाही, बाजूला स्टूल घेतो. तीन दिवस मी लिहितो आहे हे पाहून माय आज दुपारी आली आणि लेकीबद्दल काय लिहिलं ते वाचून दाखव म्हणाली. खुर्चीत तीच बसली. मी वाचू लागलो. गाठीची गोष्ट आली. मायला ती अडीच महिन्यांची गोष्ट आजवर माहीत नव्हती. मी जिलेबीपर्यंत वाचलं आणि कागद खाली ठेवला. मान वर करून तिच्याकडे पाहायचं धाडस होईना. बाहेर कुणाची तरी गाडी सुरू झाली, दूर गेली. न पाहिलेल्या त्या चेहऱ्याला मी जेवढा भ्यालो तेवढा आयुष्यात कशाला भ्यालो नाही.

मग ती म्हणाली, “म्होरं वाच.”

मी सांगितलं की जिलेबीच्या पुढचं अजून लिहिलेलं नाही.

“मंग लिव,” ती म्हणाली, आणि तिथेच बसून राहिली.