चंद्रावर गेलेली कणगी

शिदू काही वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं त्याचा राग येईल. येऊ द्या. त्याला स्वतःचा जेवढा राग यायचा, त्याच्या निम्मासुद्धा दुसऱ्या कुणाला यायचा नाही.

भुशीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत, त्याची वाडी. वर्षभर तो लोणावळ्यात मुंबईच्या एका शेठच्या बंगल्यावर माळीकाम करायचा आणि वर्षातून एकदा ससा व्हायचा. हसू नका. वाघजाईच्या जत्रेत वाडीचा खेळ असायचा, त्यातला हा ससा. आणि त्या खेळाचा कर्ताकरविता म्हणजे बुधाआबा.

बुधाआबा म्हणजे भात लावणारा, सरपणाची फाटी विकणारा, अक्षरशत्रू माणूस. रशियानं आभाळात कुत्री धाडली, अशी बातमी लोणावळ्याच्या बाजारातून वाडीत आली त्या सालची गोष्ट. पारावर सगळे तोंडात बोटं घालून बसले होते. बुधा म्हणाला, "कुत्री जाती, मंग आपला पाटील का न्हाई जानार? त्यो काय कुत्रीपरीस जड हाय व्हय?" माणसं हसून हसून लोळली. खुद्द पाटीलही हसला, दुसरं करतो काय! त्या वर्षीच्या जत्रेत बुधानं नवा खेळ लावला, 'पाटील चंद्रावर'.

खेळ साधा. बुधाच पाटील. फेटा बांधून, मिशीला पीळ देऊन यायचा आणि म्हणायचा, "हितली जमीन मोजून झाली, आता वरची बघून येतो." मग जायचा कशातनं? तर कणगीतनं. घरात भात साठवायची, बांबूच्या कामट्यांची पुरुषभर उंच कणगी. घरातली कणगी शेणामातीनं लिंपतात, दाणा सांडू नये म्हणून. बुधाची ही कणगी मात्र बिनलिंपलेली होती आणि विणही मुद्दाम विरळ ठेवलेली. पाटील आत शिरला की बाहेरचे सगळे कंदील विझवायचे. जत्रा चैत्रातली, अमावस्येच्या तोंडावरची. खेळ चंद्रावरचा आणि चंद्रच गैरहजर! सगळा मिट्ट काळोख. मग बुधा आत कंदील लावायचा, वात मोठी करायचा आणि कंदील हळूहळू गरगर फिरवायचा.

आणि चांदण्या पडायच्या. कामट्यांच्या फटीफटीतून उजेडाचे कण बाहेर यायचे आणि माणसांच्या तोंडांवरून, पटक्यांवरून, बायांच्या कपाळांवरून, पेंगणाऱ्या पोरांच्या गालांवरून फिरत जायचे. गोंगाट करणारी जत्रा चिडीचूप व्हायची. आतून बुधाचा आवाज यायचा, "वाडी बारीक झाली रं... भुशीचं तळं वाटीएवढं दिसतंय... माजी म्हातारी आंगनात हुबी हाय, हात करतीया..." बाया डोळ्यांना पदर लावायच्या. मग यान चंद्रावर उतरायचं आणि ससा उड्या मारत येऊन पाटलालाच सातबारा मागायचा, की पुन्हा हशा.

गंमत अशी की ज्यानं हे सारं केलं, त्यानं ते कधीच बघितलं नव्हतं. बघणार कसा? तो आत. खेळ संपला की घामानं थबथबलेला बाहेर यायचा आणि पहिल्यांदा शिदूला विचारायचा, "पडल्या का रं चांदण्या?" शिदू म्हणायचा, "पडल्या आबा, लय पडल्या." बुधा तेवढ्यावर खूश. पुढं डोळ्यांत मोतीबिंदू उतरले तरी खेळ चालूच राहिला. कणगीत डोळ्यांचं काय काम?

शिदू मात्र ससा होऊन कंटाळला. पोरसवदा होता तेव्हा ससा, मिशी फुटली तेव्हा ससा, लग्न झालं, कमळाबाई घरात आली तरी ससाच. बाजारातली पोरं त्याला 'ए सशा' म्हणून हाक मारायची. त्यात बंगल्यावर शेठनं टीव्ही आणला. शिदू फुलझाडांना पाणी घालता घालता खिडकीतून बघायचा. एका संध्याकाळी त्यात परदेशातलं रॉकेट दिसलं. बुडातून आगीचा लोळ, धुराचे ढग, आत काचेची टोपडी घातलेली माणसं. हातातल्या नळीचं पाणी पायावर सांडत होतं, त्याची शुद्ध नाही. त्याला आपली कणगी आठवली आणि लाज वाटली. अरे, जग कुठं चाललंय आणि आपण भाताच्या कणगीत बसून चंद्रावर जातोय!

त्यानं वाडीच्या पंचांपुढं गोष्ट काढली. खेळ तोच, पण नवा करायचा. पत्र्याचं रॉकेट, लाल बल्ब, धूर, भोंगा. पंचांतला थोरला रखमाजी म्हणाला, "कर की. तरन्या पोरांना आवडंल. पन बुधाला इचार आदी. खेळ त्याचा हाय."

"इचारतो," शिदू म्हणाला.

आणि गेलाही विचारायला, खोटं कशाला सांगा. बुधाचं घर वाडीच्या टोकाला. म्हातारा ओट्यावर बसला होता. पाऊल ऐकूनच म्हणाला, "शिदू काय रं? ये. जत्रा आली न्हवं? आवाज जरा बसलाय माजा, पन आल्याचा रस घेतोय. व्हईल बरा."

आता या माणसाला कसं सांगायचं, की आबा, तुमचं काम संपलं? आणि मग शिदूच्या तोंडातून भलतंच निघालं. "आबा, औंदा खेळ न्हाई. कणगी उंदरांनी खाल्ली. पार भुगा झालाय तिचा."

कणगी शिदूच्याच गोठ्यात असायची, ठणठणीत होती. म्हातारा म्हणाला, "उंदराला काय ठावं, कशात बसून कोन कुटं जातंय ते."

घरी आल्यावर शिदूला चैन पडेना. उद्या कुणी गोठ्यात डोकावलं तर? त्यानं कणगी अंगणात ओढली आणि कोयत्यानं तोडायला घेतली. कमळाबाई धावत आली. "अवं, हिनं तुमचं काय खाल्लं?"

"चुलीला घाल," तो म्हणाला.

जुन्या कामट्या तडतडत जळाल्या. त्या जाळावरची भाकरी त्यानं खाल्ली. खोट्याला खरं करायला गेला आणि पाप दुप्पट करून बसला. मनात म्हणायचा, जत्रेनंतर सांगू आबाला. गोड बोलून सांगू. एवढं काय त्यात!

रॉकेट केलं नसीरनं. नसीर लोणावळ्याच्या बाजारातला पत्र्याचं काम करणारा, डबे-कंदील बनवणारा, शिदूचा दोस्त. डबे उभे कापून, ठोकून, डाख देऊन त्यानं झकास रॉकेट उभं केलं. चंदेरी रंग दिला, टोकाला लाल बल्ब लावला. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून त्यानं जुना खेळ पाहिलेला. रंगाचा हात पुसत तो म्हणाला, "शिदूभाऊ, एक विचारू? हे तर चहूकडून बंद झालं. मग त्या चांदण्या कुठून पडणार?"

"आता चांदण्यांचं काय घेऊन बसलास? बल्ब हाय की."

नसीरनं खांदे उडवले आणि पुन्हा हातोडी घेतली.

जत्रेचा दिवस उजाडला. दिवेलागणीला माणूस मावेना, आसपासच्या वाड्यांतली झाडून सगळी माणसं रॉकेट बघायला लोटली होती. शिदू पडद्यामागं तयार होत होता. पाटील नाहीच आता, 'कॅप्टन'! डोक्यावर काचेच्या बरणीचं टोपडं, अंगात पांढरा डगला. तेवढ्यात मागून हाक आली, "शिदू हाय का रं?"

वळून बघतो तर बुधाआबा. हातात काठी, पुढं त्याची सून, तिचं नाव बाया. आणि बायाच्या डोक्यावर कणगी. नवी कोरी, हिरवट कामट्यांची.

शिदूनं पुढं होऊन कणगी उतरवून घेतली.

म्हातारा घाम पुसत हसला. "बाया म्हनली, खेळ हाय म्हनत्यात. म्हनलं, कणगीबिगर कसा व्हईल? पोरगं अडलं आसंल, मला सांगाया लाजत आसंल. डोळं न्हाईत तर न्हाईत, बोटं हायती न्हवं! बघ, ईन ईरळ आली का बराबर." त्यानं कणगीवरून हात फिरवला. बोटांच्या पेरांना कामट्यांनी कापलेलं दिसत होतं. "आनि हे बघ, पाटील तू हो. माजा आवाज बसलाय. मी आपला भाईर बसतो. इतकं साल आत बसलो, कदी भाईर बसलो न्हाई. औंदा बसतो."

बघा म्हणजे झालं! जे मागायला शिदूची जीभ धजली नव्हती, ते म्हातारा आपल्या हातानं देऊन मोकळा झाला. एक शब्द विचारला असता तर ना खोटं बोलावं लागलं असतं, ना कणगी जाळावी लागली असती. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते हेच.

"बसा आबा," एवढंच तो कसंबसं म्हणाला. बाया म्हाताऱ्याला धरून पुढं घेऊन गेली.

नसीर जवळ आला. "शिदूभाऊ, कणगीच लावू या. कंदील हाय माझ्याकडं. रॉकेट राहू दे मागं."

शिदूनं कणगीकडं बघितलं. पडद्यापलीकडं शिट्ट्या वाजत होत्या, पोरं 'रॉकेट! रॉकेट!' ओरडत होती. रखमाजी हात करून चला चला म्हणत होता. एवढं एकदा, फक्त एकदा, सगळ्या मुलखासमोर त्याला ससा सोडून दुसरं काही व्हायचं होतं.

"आता? लोक रॉकेट बघाया आल्यात," तो म्हणाला आणि कणगी मागं बैलगाडीला टेकवून ठेवली.

खेळ रंगला, नाही कशाला म्हणा! भोंगा वाजला, पत्रा थरथरला, ओल्या गवताचा धूर निघाला, लाल बल्ब लुकलुकला. आतून शिदू ओरडत होता, "दहा, नऊ, आठ!" तरणी पोरं नाचली, टोप्या उडाल्या. रॉकेट चंद्रावर उतरलं तेव्हा टाळ्यांनी कान बधिर झाले. डोळ्यांना पदर मात्र एकाही बाईनं लावला नाही.

बाहेर आला तोवर वाद सुरू झाला होता. पोरं म्हणत होती, जुन्या खेळात काय होतं, एक डालगं आणि एक म्हातारा! खेळ म्हणावा तर हा. जुनी खोडं म्हणत होती, आवाज लई झाला बाबा, पण आपण वर गेल्यासारखं काय वाटलं नाही. रखमाजीनं मधला मार्ग काढला, "रॉकेट झ्याक. पन त्या टायमाला आमी गेलतो वर. औंदा शिदू एकलाच गेला." कुणी हसलं, कुणी त्यालाच वेड्यात काढलं. शिदूच्या पाठीवर थापा पडत होत्या. त्याचं लक्ष पुढच्या रांगेकडं होतं.

बुधाआबा तसाच बसून होता, हनुवटी काठीवर टेकून. शिदू जवळ गेला. म्हाताऱ्यानं त्याचा हात चाचपून धरला.

"मोठा आवाज केलास रं. लय माणसं वरडली." मग म्हणाला, "तांबडं कायतरी दिसलं मला. चांदण्या न्हाई दिसल्या. डोळंच मेलं माजं, त्याला तू तरी काय करनार? पडल्या का रं चांदण्या?"

शेजारी बाया उभी होती. तिचे डोळे चांगले होते. ती शिदूकडं बघत राहिली, बोलली काहीच नाही.

"पडल्या आबा," शिदू म्हणाला. "लय पडल्या."

"माज्याबी तोंडावं?"

"व्हय. तुमच्या तोंडावं तर समद्यांपरीस जास्त."

म्हाताऱ्यानं सोललेल्या बोटांनी आपला गाल चाचपला, एखादी तिथंच राहिली असेल तर सापडावी तशी. "तू भाईर बसवलंस म्हनून, शिदू," तो म्हणाला. "न्हाईतर आतच मेलो असतो. देव तुजं भलं करो."

शिव्या दिल्या असत्या तर शिदूनं आनंदानं खाल्ल्या असत्या. आशीर्वाद कसा खायचा?

त्या पावसाळ्यात भाताची लावणी चालू असताना बुधाआबा गेला. शेवटपर्यंत येईल त्याला सांगायचा, म्हणे, की चांदण्या माझ्या तोंडावर पडल्या. बाया तेव्हाही काही बोलली नाही. शिदू खांदा द्यायला पुढं झाला तेव्हा तिनं वाट दिली, पण मान वळवून.

पुढच्या जत्रेत पोरं रॉकेट मागत होती. शिदू कुणाला बधला नाही. म्हाताऱ्याची शेवटची कणगी त्यानं वर्षभर जपली होती. कमळाबाईला तिच्यात भात भरू दिला नाही, शेणाचं बोट लावू दिलं नाही. ती त्यानं मधोमध उभी केली. फेटा बांधला, मिशीला पीळ दिला, बाहेरचे कंदील विझवायला लावले आणि आत शिरला. वात मोठी करून कंदील गरगर फिरवला. बोललाही बुधाचंच, शब्दाला शब्द. आत रॉकेलचा वास, धग, डोळ्यांत घाम. भोवती नुसत्या कामट्या, बाहेरचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. बाहेर जत्रा गप्प झाली होती, एवढंच कळत होतं. पण माणसं भारावून गप्प होतात, तशी कंटाळूनही होतात.

खेळ संपला. तो घामानं थबथबून बाहेर आला. समोर नसीर हसत उभा होता. शिदूनं तोंड उघडलं, "पडल्या का रं..." आणि तिथंच थांबला.

"पडल्या शिदूभाऊ!" नसीर म्हणाला. "लय पडल्या!"

अगदी असंच, याच शब्दांत, शिदूनं बुधाआबाला सांगितलं होतं.