दोन तासांचा पुणेकर

मित्रांनो, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितोय.

पुण्याचं घरभाडं परवडेना, म्हणून तीन महिन्यांपूर्वी मी बुलडाण्यात राहायला आलो. नोकरी तीच, काम घरून.

आज बुलडाण्याजवळच्या देऊळघाटला मुलगी पाहायला गेलो होतो. पोहे आले. माझे बाबा म्हणाले, "पोरगा पुण्याले असते."

मी म्हणालो, "असायचो. आता बुलडाण्याले राहतो."

मुलीच्या वडिलांनी हातातली बशी खाली ठेवली. "काऊन, नोकरी गेली काय?"

मी सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "तसं काही नाही, पण पोरगी आम्हाले पुण्यातच द्याची आहे."

परत येताना बाबा माझ्यावरच भडकले. "दोन तास पुण्याचा राह्यला असता तं काय बिघडलं असतं तुह्यं?"

बाबांचा सगळा जन्म याच जिल्ह्यात, डोणगावात गेला, त्या गृहस्थांचा देऊळघाटात. मग इथं राहणारा मुलगा यांना वाया गेलेला का वाटतो? सांगा तुम्हीच.

आणि ती मुलगी रोज बुलडाण्यालाच शाळेत शिकवायला येते. तिला पुण्याला जायचंय का, हे तिला कुणी विचारलं नाही.

मीही नाही.