निझव्याच्या काकूंचा सत्कार

आठवीतून शाळा सोडलेल्या माणसाला कोणी रेडिओसाठी लिहायला बसवत नाही. सरांनी मला बसवलं. ते उपकार मी विसरलेलो नाही. त्यांनी विसरूही दिलेले नाहीत.

इथे आखातात आठवडाभर मी मवालेहच्या भाजी बाजारात कांद्याची पोती उतरवून घ्यायचो आणि शुक्रवारी अल हैलला सरांच्या फ्लॅटवर जायचो. तिथल्या एका बेडरूममध्ये भिंतींना गाद्या टेकवून आमचा इंटरनेटवरचा मराठी रेडिओ चालायचा. सर इंजिनिअर, संचालक आणि कवी. मॅडम, म्हणजे सरांच्या पत्नी, निवेदिका. मी लेखक. माइकपाशी जायला मला बंदी, कारण माझे उच्चार गावचे.

कार्यक्रमात ‘श्रोत्यांची पत्रं’ असायची, फक्त श्रोते पत्रं पाठवायचे नाहीत. "लोकांना लिहितं कर," सर म्हणाले. महिनाभर कोणी लिहितं होईना, तेव्हा मीच निझवा गावच्या एक काकू झालो. काकू दर शुक्रवारी आम्हाला झापायच्या. ‘तुमच्या कृतीने पुरणपोळी केली, मिस्टरांनी गाडीच्या पंक्चरला मागून घेतली.’ काकू भलत्याच गाजल्या.

आणि वर्धापनदिनाला आमच्या एकुलत्या एक जाहिरातदाराने, मिठाईवाल्याने, हट्ट धरला: स्टेजवर काकूंचा सत्कार, शाल-नारळ देऊन!

"काकूंचा नंबर दे," सर म्हणाले. माबेलाच्या माझ्या खोलीतले सहा जण मला ‘रायटर’ म्हणून हाक मारायचे. हे कळलं की रेडिओ खलास, उरणार नुसता कांदेवाला. आठवडाभर ‘नंबर शोधतोय’ म्हणत टाळलं. शेवटी शुक्रवारी सरांपुढे उभा राहिलो.

"सर, काकू नाहीत. मीच लिहायचो."

"आणि बाकीची पत्रं?"

"ती पण मीच."

सर खुर्चीत बसले. मग हळूच म्हणाले, "सलालाचे ते गृहस्थ? माझ्या कविता वहीत उतरवून घेणारे?"

मी मान खाली घातली.

"यांनाच ती पत्रं खरी वाटायची हो," मॅडम आतून म्हणाल्या.

सरांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "काकू कायमच्या भारतात गेल्या, असं आजच्या पत्रात लिही." दारापर्यंत गेले, परत आले. "सलालाचे राहू देत."

मी लिहिलं. मॅडमनी कागद बाजूला सारला. "मी नाही हं असलं खोटं वाचणार!" सरांनी कागद हातात घेतला, पण त्यांच्याच्याने काकूंचा निरोप वाचवेना. कार्यक्रम सुरू व्हायला दोन मिनिटं होती.

तेव्हापासून मी निवेदक आहे.