एसीचं अंगडं

आमच्या घरी वस्तूला अंगडं चढवल्याशिवाय ती आपली झाल्यासारखी वाटत नाही. मिक्सरला आहे, टीव्हीच्या रिमोटला तर दोन आहेत. कोपरच्या या घरात एसी लागला तेव्हा मी कल्याणच्या बाजारातून रेक्झिन आणलं आणि त्याला चेनसकट घट्ट कव्हर शिवलं. जूनमध्ये चढवायचं, ऑक्टोबरच्या उकाड्यात उतरवायचं. गणपतीला आलेले पाहुणेसुद्धा त्याची तारीफ करून गेले.

गेल्या ऑक्टोबरात एसी सुरू केला आणि खोलीत ओल्या गोणपाटासारखा वास सुटला. आठवड्याभरात आमची आठ वर्षांची लेक खोकू लागली. सासूबाईंनी निदान करून टाकलं, "त्या तरणतलावाचं पाणी बाधलंय. पोहणं बंद करा." नवऱ्याने री ओढली. वास मला येत होता, तरी मीही मान डोलावली, याचा राग मला अजून येतो. पोरीचा सगळा जीव पोहण्यात. तिने पोहण्याची पिशवी गुपचूप कपाटात ठेवून दिली.

पंधरा दिवस गेले, पोहणं बंद आणि खोकला चालूच. मग वास येतोय म्हणत मी एसीवाल्याला बोलावलं. त्याने जाळ्या नळाखाली धरल्या आणि म्हणाला, "ताई, वास सगळ्यांच्याच एसीला येतो. चालवत राहा, जाईल."

"तुझं नाक जरा जास्तच तिखट आहे," नवरा हसत म्हणाला.

माझं डोकं सटकलं. एसीवाला गेल्यावर स्टूल ओढलं, झाकण उघडलं आणि मोबाइलचा टॉर्च आत मारला. हवा फेकणारा लांबट पंखा, ज्याला ब्लोअर म्हणतात, काळ्या बुरशीने माखला होता. आत बोट फिरवलं आणि ते तसंच काळं बोट नाचवत मायलेकांसमोर उभी राहिले. "ही हवा खातेय पोरगी. म्हणे तलावाचं पाणी!"

एसीवाल्याला परत बोलावलं. "ब्लोअर बाहेर काढून धुवा."

"अख्खा एसी खोलावा लागेल, ताई."

"मग खोला. मी इथेच उभी आहे."

बाथरूममध्ये काळं पाणी वाहत असताना त्याने विचारलं, "पावसाळाभर झाकून ठेवलेला काय? आतली ओल आतच राहिली ना."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही. "हो, मीच झाकला. चूक माझी. पण वास येतोय म्हणत होते ते खोटं नव्हतं. यापुढे मी काही म्हटलं की आधी बघायचं, मग हसायचं." सासूबाई पदराने चष्मा पुसत बसल्या.

दहा-बारा दिवसांत खोकला ओसरला. मी लेकीला म्हटलं, "सोमवारपासून जा गं पोहायला."

ती पिशवीत टॉवेल भरता भरता थांबली. "आई, आता खोकला आला तर उशीत तोंड नको ना घालू?"

म्हणजे पोहणं बंद झाल्यापासून रात्री ती आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून उशीत खोकत होती.

"नाही घालायचं," मी म्हटलं. "खोकायचं. घर डोक्यावर घेऊन खोकायचं."